पायी सात मिनिटं

गेली एकवीस वर्षं मी लोकांना गाडी चालवायला शिकवतोय. आमच्या भागात सिग्नलला दहा गाड्या उभ्या असतील, तर त्यातल्या चार तरी माझ्या हाताखालून गेलेल्या माणसांच्या. त्यात दोन वकील आहेत, एक दातांची डॉक्टर आहे, आणि एक असे गृहस्थ आहेत ज्यांना पाच महिने शिकवून शेवटी मी काकुळतीला येऊन सांगितलं, की तुम्ही आपले बसनेच जा. सगळे मला सर म्हणतात. मी ओरडतो, हे खरं आहे. पण एकवीस वर्षांत माझ्या गाडीला साधा ओरखडा पडलेला नाही, हेही खरं आहे. हे फुशारकी म्हणून सांगत नाही. फुशारकी मारायला मला तोंडच उरलेलं नाही. सांगतोय ते एवढ्यासाठी, की आमच्या घरात रस्ता, गाडी, अंतर असला काहीही विषय निघाला की शेवटचा शब्द माझा असतो, आणि तो कोणी खोडत नाही.

या वेळी विषय निघाला सुट्टीचा. माझी मुलगी नऊ वर्षांची. तिला घरात सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी उभी राहिलेली अजून कोणी पाहिलेली नाही. तिला थीम पार्कला न्यायचं दोन वर्षं नुसतंच घाटत होतं. या सुट्टीत एकदाचं ठरलं, आणि ठरलं तेव्हा माझी आई म्हणाली, "मीपण येणार."

आई एकाहत्तर वर्षांची. दोन्ही गुडघे कुरकुरणारे.

"तू तिथे काय करणार?" मी विचारलं.

"आकाशपाळण्यात बसणार. तो जाहिरातीत दाखवतात तो मोठा. लहानपणी बसायचं राहून गेलं. पुढच्या वर्षी हे गुडघे मला विचारणारसुद्धा नाहीत."

आई स्वतःसाठी काही मागत नाही. मला आठवतंय तेवढ्यात तिने मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

राहायला दोन जागा होत्या. एक म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं घर. ताई त्या पार्कपासून पस्तीस मिनिटांवर, एका तळ्याकाठी राहते. नवऱ्याच्या कंपनीने दिलेलं घर, तळमजला, गाडी थेट दाराशी. आपली गाडी घेऊन तिच्याकडे जायचं, आणि रोज सकाळी पार्कला निघायचं. दुसरी जागा म्हणजे पार्कच्या भिंतीला लागून असलेलं एक लॉज. तिथे जायचं रेल्वेने. खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जेवण बाहेर. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'पार्कपासून पायी सात मिनिटं'. शहाण्या माणसाने दोन मिनिटं विचार करावा असंही यात काही नव्हतं. मी लॉज म्हणालो.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे ना?" बायको म्हणाली. ताई फोनवर होती, फोन टेबलावर मध्ये ठेवलेला, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल असा.

मी बोलायला लागलो. बोलण्यात मी कोणाला हार जात नाही. पार्किंगला सकाळी अर्धा-अर्धा तास रांग असते. संध्याकाळी सगळ्या गाड्या एकदम सुटतात. दिवसभर दमून परत पस्तीस मिनिटं गाडी हाकायची, त्यापेक्षा पायी गेलं की सात मिनिटांत खोलीवर. शिवाय आपल्या गाडीचा क्लच गेलाय, सुटा भाग मिळत नाहीये.

"तीन महिने मिळत नाहीये," बायको म्हणाली. "विमानाचा भाग आहे का तो?"

"आणि तू कधीपासून पार्किंगला घाबरायला लागलास रे?" फोनमधून ताई म्हणाली. "क्लचचं काय घेऊन बसलास! रेल्वेने या, स्टेशनवरून मी आणते. आमची गाडी चालव तिथे. आईला तीन मजले कशाला चढवतोस?"

इथे माझं घोडं अडलं. सगळी कारणं संपली होती, आणि दोघी वाट बघत होत्या. तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "आईला गाडी लागते."

आई खिडकीशी बसून भिंगरीच्या फ्रॉकचं बटण लावत होती. तिने मान वर केली. माझ्याकडे बघितलं. आयुष्यात तिला कधी गाडी लागलेली नाही. उलट घाटातल्या वळणांवर आम्ही सगळे गळपटून पडायचो तेव्हा ती आम्हाला संत्री सोलून द्यायची आणि स्वतःही खायची.

"हो," आई म्हणाली. "लागते हल्ली."

"हल्ली म्हणजे कधीपासून?" बायकोने विचारलं.

"वयाने होतं असं," म्हणून तिने दाताने दोरा तोडला. लॉज ठरलं.

आता खरं कारण सांगतो. तेव्हा ते फक्त मला आणि एका डॉक्टरीणबाईंना ठाऊक होतं, असं मी समजत होतो.

चार महिन्यांपूर्वी एका बेकरीवाल्याला मी चौकात गाडी काढायला शिकवत होतो. माझ्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असतो, शिकणाऱ्याचं चुकलं तर मी दाबायचा. मी माझ्या बाजूला बघितलं आणि म्हणालो, "चला, मोकळं आहे." तो निघाला, आणि दुसऱ्याच क्षणी किंचाळून त्यानेच ब्रेक मारला. एका बाईच्या सायकलची मूठ आमच्या आरशाला चाटून गेली. ती बाई मला दिसलीच नव्हती. मुळीच नाही. बेकरीवाला घाम पुसत म्हणाला, "सर, मला आजमावायला मुद्दाम म्हणालात ना तुम्ही?"

"हो," मी म्हणालो. "पास झालात."

दुसऱ्या दिवशी मी डोळे तपासायला गेलो. तिथे एका यंत्रात हनुवटी टेकवून बसवतात. मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आणि बाजूला कुठे दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मी मधोमध थोडे दिवे टिपले, आणि मग बाजूचे दिवे कधी लागणार म्हणून वाट बघत बसलो. तेवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झालं, काढा हनुवटी." काचबिंदू. दोन्ही डोळ्यांना, बाजूची नजर गेलेली, गेलेली परत येत नाही, राहिलेली टिकवायला थेंब घालायचे. समोरचं मला अजूनही स्वच्छ दिसतं. समोरच्या गाडीचा नंबर मी कोणाच्याही आधी वाचतो. "गाडी चालवायची नाही," बाई म्हणाल्या. "आजपासून."

मी गाडी चालवणं बंद केलं. त्याच दिवशी. आमची गाडी नेऊन ड्रायव्हिंग स्कूलच्या आवारात झाकून ठेवली आणि घरी क्लचचं सांगितलं. आणि शिकवणं चालू ठेवलं. मनाला समजावलं, की बाई चालवू नका म्हणाल्या, शिकवू नका असं कुठे म्हणाल्या? गाडी तर शिकणारा चालवतो. मी आपला बाजूला बसतो. दुसऱ्या कोणी माझ्यासमोर असली मखलाशी केली असती तर मी त्याला गाडीतून खाली उतरवला असता. पण एकवीस वर्षं जे एकच काम येतं, ज्याच्यासाठी लोक सर म्हणतात, ते उद्यापासून येत नाही असं घरी कोणत्या तोंडाने सांगायचं, ते मला कळेना. मी गप्प राहिलो, आणि एकदा गप्प राहिल्यावर रोज गप्प राहणं सोपं होत गेलं.

तर आम्ही रेल्वेने गेलो, खोलीवर सामान टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पार्कला निघालो.

सात मिनिटं बरोबर होती. सातव्या मिनिटाला आम्ही भिंतीतल्या एका लोखंडी फाटकाशी पोचलो. फाटकावर पाटी होती, 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी'. आतला पहारेकरी म्हणाला, "मेन गेट पलीकडच्या अंगाला. भिंतीच्या कडेकडेने जा." मी फोनमध्ये नकाशा पाहिला होता, पण गाडीवाल्याच्या नजरेने पाहिला होता. भिंतीला वळसा म्हणजे तिसऱ्या गिअरमधली दोन मिनिटं. एकवीस वर्षांत मी कुठलंही अंतर पायाने मोजलेलं नव्हतं.

भिंत संपता संपेना. आई एक हात भिंतीला लावून चालत होती. भिंगरी पुढे पळायची, परत यायची, "आजी, चल ना," म्हणायची, पुन्हा पळायची. भिंत संपली तेव्हा समोर पार्किंगचं मैदान लागलं, एवढं मोठं की त्याच्या पलीकडचं गेट खेळण्यातल्यासारखं दिसत होतं. आणि त्या मैदानातून छोट्या उघड्या गाड्या फिरत होत्या. मोटारीतून उतरलेल्या लोकांना बसवून त्या थेट गेटपाशी सोडत होत्या. मी हात दाखवून एक थांबवली.

"पार्किंगची पावती?" चालवणाऱ्या बाईने विचारलं.

"आम्ही चालत आलोय."

"मग नाही बसवता येणार. गाडीने येणाऱ्यांसाठी आहे ही."

"अहो, पण म्हातारं माणूस आहे!"

"दादा, नियम मी नाही केला," असं म्हणून ती निघून गेली. गाडीने येणाऱ्यांना उचलून नेत होते, आणि पायी येणाऱ्याने पायीच जायचं होतं. बायकोने माझ्याकडे नुसतं बघितलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

गेटपाशी पोचायला आम्हाला पन्नास मिनिटं लागली. आत शिरल्याबरोबर जो पहिला बाक लागला त्यावर आई बसली, आणि संध्याकाळपर्यंत तिथून उठली नाही. आकाशपाळणा पार्कच्या दुसऱ्या टोकाला होता. बाकावरून त्याचा वरचा अर्धा भाग दिसत होता. आम्ही अधूनमधून तिच्यापाशी यायचो, कधी पाणी घेऊन, कधी बिस्किटं घेऊन. ती म्हणायची, "मला छान दिसतंय इथून. तुम्ही जा." भिंगरी तीनदा रोलर कोस्टरमध्ये बसली. तिने आजीसाठी म्हणून पाळण्यात बसायचं मात्र राखून ठेवलं, आजीबरोबरच बसेन म्हणाली.

परतताना आईने सहा वेळा थांबून दम खाल्ला. जिन्यावर मी तिला दंडाला धरून चढवत होतो. दुसऱ्या मजल्यावर ती टेकली आणि म्हणाली, "माझ्यामुळे तुमचा सगळा खोळंबा झाला रे."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. जिन्यात आम्ही दोघंच होतो, बायको आणि भिंगरी पुढे गेल्या होत्या. मी काय म्हणालो? "असू दे, आई," म्हणालो. जसा काही मी तिला उदार मनाने माफ करत होतो. हे शब्द मला आजही ऐकू येतात आणि मेल्याहून मेल्यासारखं होतं.

खोलीत आल्यावर ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांचा फोन आला. सोमवारी कोणाकोणाला शिकवायचं ते ठरवायला. मी आईच्या पलंगाशेजारी उभा राहूनच आठची वेळ, साडेनऊची वेळ असं सगळं ठरवून टाकलं. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती, मला वाटलं झोपली.

सकाळी तिचा उजवा गुडघा टम्म सुजला होता. "मी खोलीतच बसते," ती म्हणाली. "मला काही त्या पाळण्याचं एवढं नाही." बायको भिंगरीला घेऊन पुढे गेली. जाताना दारात म्हणाली, "मी ताईंना फोन केलाय. त्या येतील गाडी घेऊन. आणि अहो, आईंना गाडी लागते हे तुम्ही मला लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर सांगताय, याबद्दल आपण घरी गेल्यावर बोलू."

ताई दहाच्या सुमारास आली, तीन जिने चढून, धापा टाकत. आईचा गुडघा पाहून तिने मला नको नको ते ऐकवलं. मग आईला म्हणाली, "चल. खाली गाडी उभी आहे. पार्किंगची पावती घेऊ, त्या छोट्या गाडीतून गेटपर्यंत जाऊ, आत चाकाची खुर्ची मिळते, मी चौकशी केलीय. तासाभरात तू पाळण्यात असशील."

"नको ग," आई म्हणाली. "मला लागते ना गाडी."

"अगं, मागच्या महिन्यात माझ्याबरोबर दीड तास आलीस की! आणि वाटेत आइस्क्रीम खाल्लंस. दोन."

आई क्षणभर गोंधळली. तिने पटकन माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "त्या दिवशी बरं होतं मला."

ताई ऐकणाऱ्यातली नाही. आम्ही दोघांनी धरून आईला खाली आणलं. ताई गाडी चालवायला बसली, आई मागे, मी आईशेजारी. गाडी सुटली. मी खिडकीबाहेर बघत होतो. दुसऱ्या वळणावर आईने पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढली, तोंडाशी धरली, आणि ओकाऱ्या काढायला लागली.

"अगं बाई!" ताईने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मागे येऊन आईची पाठ चोळायला लागली. "खरंच लागते की ग तुला! आणि मी मेली तुला खोटं पाडत होते. चुकलं माझं, आई. रागवू नकोस हं."

आईने मान हलवली, आणि पुन्हा एक ओकारी काढली. मी तिच्याकडे पाहिलं. पिशवी कोरडी होती. पिशवीच्या वरून तिचे डोळे माझ्याकडे लागले होते, अगदी शांत, कोरडे डोळे. एकाहत्तर वर्षांची बाई, गुडघा सुजलेला, भर रस्त्यात माझ्यासाठी खोट्या ओकाऱ्या काढत होती. आणि ताई तिची माफी मागत होती. आणि मी तरीही गप्प होतो. माझी जीभ टाळ्याला चिकटली होती म्हणा, किंवा मी भेकड आहे म्हणा. दुसरंच खरं.

"थांब, मी समोरून लिंबाचं सरबत आणते," म्हणून ताई रस्ता ओलांडून गेली.

"आई, पुरे," मी म्हणालो.

तिने पिशवी खाली घेतली, घडी घातली, आणि पर्समध्ये ठेवली.

"तुला माहीत आहे?"

"पाण्याचा ग्लास तू चाचपडत घेतोस," आई म्हणाली. "दाराच्या चौकटीला खांदा आपटतोस आणि चौकटीवरच डाफरतोस. नऊ वर्षांची पोर शेजारून गेली तर दचकतोस. तुझे बाबा असंच करायचे."

बाबा शिंपी होते. मला आठवतात ते जाड चष्मा लावून दुकानात नुसते बसलेले, आणि आई कापड बेतते आहे. मला वाटायचं, वय झालं त्यांचं.

"त्यांची कात्री तिरकी जायला लागली," आई म्हणाली. "गिऱ्हाईक आलं की मी सांगायचे, माझ्या हातून झालं हो. सहा वर्षं सांगितलं. सगळी गल्ली मला वेंधळी म्हणायची. म्हणू देत. त्यांची मान ताठ राहिली, मला तेवढं पुरे होतं."

"मग मला का नाही बोललीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. तू म्हणालास आईला गाडी लागते, मी म्हटलं लागते. म्हटलं, गाडी सोडलीये याने, कामावरही सांगितलं असेल, आमच्यापाशीच तेवढा लाजतोय. लाजू दे. मग काल तू सोमवारच्या वेळा ठरवत होतास." रस्त्यापलीकडे ताई सरबताच्या गाडीशी उभी होती. "बाबांच्या हातून फार तर एक शर्ट वाया जायचा रे. तुझ्या गाडीत माणसं असतात. उद्या काही झालं तर मी कोणाला जाऊन सांगू, माझ्या हातून झालं म्हणून?"

डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचीही मला लाज वाटली, कारण रडण्यासारखं माझं काहीच झालं नव्हतं. गुडघा तिचा सुजला होता.

ताई सरबत घेऊन आली. मी खाली उतरलो आणि तिला सांगितलं. काचबिंदू, चार महिने, क्लच, आईला गाडी लागत नाही, कधीच लागली नाही. एका दमात सांगितलं, नाहीतर पुन्हा राहिलं असतं. ताईने सगळं ऐकून घेतलं. तिला आधी वाईट वाटलं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मग तिने गाडीत आईकडे बघितलं आणि चेहरा बदलला.

"मी मघाशी तिची माफी मागितली," ती म्हणाली. "मी! तू कधी मागणार आहेस?"

मी गाडीच्या खिडकीशी वाकलो. "आई," म्हणालो.

"माझं राहू दे," आई म्हणाली. "आधी तो फोन कर."

पार्किंगमध्ये गाडी लावून ताईने पावती घेतली. ती छोटी गाडी लगेच आली. कालचीच बाई होती. तिने आईला हात देऊन वर चढवलं. "तू येतोस?" ताईने विचारलं. मी नको म्हणालो. दोघी गेल्या, आणि मी ताईच्या गाडीला टेकून मालकांना फोन लावला.

आमचे मालक पासष्टीचे आहेत. मला कामावर त्यांनीच ठेवलं. मी पहिल्यांदा एका शिकणाऱ्यावर ओरडलो तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की ओरड, पण नजर रस्त्यावर ठेवून ओरड.

"सोमवारी मी येणार नाही," मी म्हणालो.

"का रे? बरं नाही का?"

"मला बाजूचं दिसत नाही." मग त्यांनाही सगळं सांगितलं. तपासणी, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते, आणि बेकरीवाला. मला वाटलं आता आवाज चढेल. मी तयार होतो. खरं तर मला तो हवा होता.

"अरे वेड्या," ते म्हणाले, अगदी हळू. "एवढंच ना? आधी सांगितलं असतंस तर तुला लेखी परीक्षेचा वर्ग दिला असता. खुणा शिकव, नियम शिकव. खडू आणि फळा. तिथे कुठे बाजूचं बघायला लागतं? एकवीस वर्षं बरोबर असलेल्या माणसाला मी काय रस्त्यावर सोडणार आहे का?"

मला एकदम सुटल्यासारखं झालं. चार महिने छातीवर ठेवलेला दगड कोणी उचलून बाजूला ठेवावा तसं. किती सोपं होतं! सांगायचं फक्त होतं. मी चक्क हसलो. आपलं सगळं निभावलं, असं त्या क्षणी माझ्या मनात आलं, आणि ते मी इथे लपवत नाही.

"चार महिने म्हणालास?" मालक म्हणाले.

"हो."

"म्हणजे आमची सून शिकली, त्याच्या आधीपासून."

मी गाडीला टेकलो होतो, तो सरळ उभा राहिलो.

"मागच्या सीटवर नात असायची. तिला घरी ठेवायला कोणी नव्हतं. मीच सुनेला म्हणालो, घेऊन जा बरोबर, सर आहेत, काळजी करू नकोस." त्यांच्याकडे टेबलावर पंखा फिरत असणार, त्याची घरघर मला ऐकू येत होती. "दुसरे तीन जण होते रे शिकवायला. मी तिला मुद्दाम तुझ्याकडे दिली. तेव्हा तुला माहीत होतं?"

नव्हतं, असं म्हणता आलं असतं. तपासणी कधी झाली ते त्यांना कुठे ठाऊक होतं? दोन आठवडे इकडचे तिकडे केले असते की झालं. ते उत्तर माझ्या तोंडापर्यंत आलंसुद्धा, तयार, नेहमीसारखं. आणि मला ती पोर आठवली. तीन वर्षांची, सीटच्या पट्ट्यात अडकवलेली, आरशात अगदी समोर दिसायची. समोरचं मला स्वच्छ दिसतं. ती मला रोज दिसत होती.

"माहीत होतं," मी म्हणालो.

पलीकडे पंखा घरघरत राहिला, आणि फोन ठेवल्याचा आवाज काही आला नाही.